बरणी कर्जतहून परळला

सकाळी ६:२०

शटर अर्ध्यावर अडकतं. कंपाउंडर खांदा लावून ते वर सारतो. कर्जत स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवरचा हा जनावरांचा खासगी दवाखाना. दोन गाळे. पुढे बाक, काउंटर, औषधांचं कपाट. मागे स्टीलचं टेबल. थंडीचे दिवस. उल्हास नदीकडचं धुकं रस्त्यापर्यंत आलंय. स्टेशनात पुण्याच्या गाडीला घाटासाठी मागून इंजिनं लागतायत, त्यांचा धक्का इथवर ऐकू येतो.

कंपाउंडर पंचेचाळिशीचा. आधी खोपोलीच्या एका कारखान्यात ठेक्यावर हेल्पर होता. आता महिना साडेअकरा हजार, दिवाळीला एक पगार, रविवारी अर्धा दिवस. कुत्रा पकडणं, टाके पडताना टॉर्च धरणं, फरशी पुसणं, गाय अडली तर डॉक्टरांच्या मोटरसायकलवर मागे बॅग धरून बसणं, सगळं त्याच्याकडे. लोक त्याला भाऊ म्हणतात.

आधी फिनाइलचा पोछा. मग टेबल पुसणं. दाराशी तेलाच्या डब्यात सदाफुली लावलीय, तिला तांब्याभर पाणी.

सकाळी ६:५५

आज ऑपरेशन आहे. तो हत्यारं मोजून कापडात बांधतो. आर्टरी सहा, कात्र्या दोन, चिमटे दोन, नीडल होल्डर एक, सुरीची मूठ एक. गॉजचे तुकडे वीस. ऑपरेशननंतर तेही वीसच भरले पाहिजेत. पुडकं कुकरसारख्या ऑटोक्लेव्हमध्ये जातं. काटा पंधरा पौंडांवर आला की वीस मिनिटं. तो भिंतीवरच्या घड्याळात बघतो आणि पाटीवर खडूने वेळ लिहितो. लक्षात राहील म्हणून सोडत नाही.

तोवर रिकाम्या सलाईनच्या बाटल्यांत गरम पाणी भरायचं. बाटल्यांना फडकी गुंडाळायची. म्हातारं जनावर भुलीत गार पडतं. टेबल तर स्टीलचं.

सकाळी ७:४०

पहिला पेशंट ऑपरेशनचा नाही. भाताच्या गिरणीवरचा मोती. चार वर्षांचा गावठी कुत्रा, वजन पंधरा किलो. लघवीच्या जागी लाल, खडबडीत वाढ. थेंब थेंब रक्त. गिरणीवाल्याला वाटलं, मुतखडा. डॉक्टरांनी बघताक्षणी ओळखलं. गावातल्या मोकळ्या कुत्र्यांत हे पुष्कळ दिसतं. मिलनातून एका कुत्र्याच्या गाठीतल्या पेशी दुसऱ्याच्या अंगात उतरतात आणि तिथे वाढायला लागतात. म्हणजे गाठ मोतीची स्वतःची नाहीच. काही हजार वर्षांपूर्वी आशियात कुठेतरी एका कुत्र्याला ती झाली, तो मेला, पेशी मात्र कुत्र्यामागून कुत्रा करत आजवर जिवंत आहेत.

इंजेक्शन व्हिन्क्रिस्टीनचं. आज तिसरा डोस. आठवड्याला एक, असे चार ते सहा. औषध मूळचं सदाफुलीतून निघालेलं. माणसांच्या रक्ताच्या कॅन्सरलाही हेच देतात. मोतीच्या वाट्याला मिलिलिटरच्या निम्म्याहूनही कमी येतं, सलाईनमध्ये पातळ करून. शिरेबाहेर सांडलं तर मांस जळतं. म्हणून कंपाउंडर दोन-दोन हातमोजे घालतो, बँडेजच्या पट्टीने तोंड बांधतो, पुढचा पाय कोपराशी दाबून शीर फुगवतो. मोती हलत नाही. त्याला हलू दिलं जात नाही.

"दोन दिवस त्याची लघवी हाताला लावून घेऊ नका. पोरांना लांब ठेवा."

"गाठ निम्मी झाली, भाऊ."

"झाली. पण डोस मधेच सोडायचा नाही."

गिरणीवाला चारशे रुपये देतो आणि मोतीला बाइकच्या टाकीवर बसवून जातो.

सकाळी ८:३०

राणी इको गाडीतून येते. अकरा वर्षांची. वय मालकिणीने मुलीच्या शाळेवरून काढलंय: मुलगी पाचवीत गेली त्या पावसाळ्यात पिल्लू टपरीखाली आलं. टपरी खालापूर तालुक्यात, कर्जत-चौक रस्त्यावर. चहा, वडापाव, शनिवार-रविवारी भजी. फार्महाऊसला जाणाऱ्या गाड्या थांबतात. राणी रात्री राखण करते. दिवसा गिऱ्हाइकांचे पाव खाते.

पोटाखाली डावीकडे, मागच्या दोन सडांच्या मधे गाठ. मालकीणताईंच्या हाताला पावसाळ्यात लागली तेव्हा वाटाण्याएवढी होती, दिवाळीनंतर लिंबाएवढी झाली. त्यांनी आधी सरकारी दवाखान्यात दाखवलं. तिथल्या डॉक्टरांनी दाबून बघितलं आणि सांगितलं, फोटो काढा, थांबू नका. मग इथे रक्त तपासलं, सातशे. जनावराचा एक्स-रे पनवेलला झाला, तीन बाजूंनी तीन फोटो, पंधराशे. जायला-यायला इको, बाराशे. फोटो छातीचे. गाठ पोटाला, मग फोटो छातीचा कशाला, असं ताईंनी विचारलं होतं. ही गाठ वाईट असली तर पुढे फुप्फुसात उतरते, म्हणून. फुप्फुसात गोळे दिसले असते तर ऑपरेशनला अर्थ नव्हता. दिसले नाहीत.

"म्हणजे कॅन्सर नाय?" ताई आज पुन्हा विचारतात.

डॉक्टर फोटो खिडकीला लावतात. "पसरलेला दिसत नाही, एवढंच हा फोटो सांगतो. गाठ कसली आहे ते नाही सांगत. कुत्रीला अशा गाठी झाल्या, तर साधारण निम्म्या वाईट निघतात, निम्म्या साध्या."

"हाताला कळत नाय?"

"माझ्याही नाही कळत, ताई."

ते पट्टी लावतात. साडेचार सेंटिमीटर. तीनच्या आत असती तर बरं झालं असतं, हे ते कंपाउंडरला सांगतात, हलक्या आवाजात. जांघेतली लसिकाग्रंथी चाचपतात. ती सुजलेली नाही. कागदावर लिहिलं जातं: सुईने पाणी काढून तपासण्यापेक्षा पूर्ण गाठ काढायची, ती लॅबला पाठवायची. या जागच्या गाठींत सुईच्या तपासणीवर फार भरवसा ठेवता येत नाही.

संमतीच्या कागदावर ताई सही करतात. "भुलीतून उठली नाही तर" ही ओळ डॉक्टर वाचून दाखवतात. वगळत नाहीत.

सकाळी ९:१५

रात्री नऊपासून राणी उपाशी आहे. पुढच्या पायाचे केस ब्लेडने काढले. निळी कॅन्युला एका फटक्यात बसली. चिकटपट्टी, सलाईन. पांढरं औषध सिरिंजमधून हळूहळू आत जातं आणि राणीची मान कंपाउंडरच्या हातावर पडते. तो तिला उताणी करतो, चारही पाय दोरीने टेबलाच्या कड्यांना बांधतो. दोन्ही कुशींना गरम बाटल्या. माणसांच्या बोटाला लावायचा ऑक्सिमीटर जिभेला.

मग पोट भादरायचं. साबण, बीटाडिन, स्पिरिट, पुन्हा बीटाडिन. मधून बाहेर, गोल गोल, आणि एकदा बाहेर गेलेला बोळा परत आत आणायचा नाही. डॉक्टर हात धुतात. ताई बाहेर बाकावर.

सुरी चालते. कंपाउंडरची नजर चिरेकडे नाही, छातीकडे आहे. तो श्वास मोजतो. दर पाच मिनिटांनी आकडा बोलतो, "चौदा", "बारा", "बारा". एकदा "नऊ" म्हणतो. डॉक्टर थांबतात. भूल हलकी करतात. "अकरा." पुन्हा काम सुरू.

गाठीभोवतीची दोन बोटं रुंद चामडी आणि खालचं मांस, सगळं एकत्र निघतं. एक मोठी शीर बांधली जाते. आतले टाके विरघळणारे, वरचे नायलॉनचे. बावीस टाके. तो गॉज मोजतो. वीस.

सकाळी १०:५०

राणी खाली पोत्यावर, वर जुनी चादर. तिची शुद्ध यायची आहे. ताई तिच्या कानाशी बसतात आणि टपरीवर जावेला फोन लावतात. जाऊ म्हणते, दूध नासलं, चहा बंद आहे, फक्त वडे चाललेत.

आता बरणीचं काम. लोणच्याची प्लॅस्टिकची बरणी, एक लिटरची, रुंद तोंडाची. अरुंद तोंडाच्या बाटलीत मांस आत कोंबता येतं, पण फॉर्मॅलिनमध्ये ते कडक होतं आणि मग लॅबवाल्यांना बाहेर काढता येत नाही. एक भाग फॉर्मॅलिन, नऊ भाग पाणी. कंपाउंडर पंखा बंद करतो, मागचं दार उघडतो, नाकाला रुमाल बांधतो. तरी डोळ्यांतून पाणी येतंच.

डॉक्टर गाठीला समांतर चिरा देतात. एक कड जोडलेली ठेवतात. फॉर्मॅलिन मांसात तासाला जेमतेम मिलिमीटरभर शिरतं; अख्खी गाठ टाकली तर मधला भाग पोचायच्या आधी सडेल. डोक्याकडच्या कडेला एक धागा, पाठीकडच्या कडेला दोन. त्यामुळे लॅबला कळतं कुठली बाजू कुठे होती. कुठल्या कडेपर्यंत वाईट पेशी आहेत, हे सांगायचं तर कड ओळखता आली पाहिजे. मांसाच्या दहापट पाणी हवं. बरणी गळ्यापर्यंत भरते.

चिठ्ठी पेन्सिलने. पेनची शाई धुऊन जाते. चिठ्ठी बरणीवर चिकटवायची, झाकणावर नाही, कारण लॅबमध्ये दहा झाकणं एकदम उघडतात. कुत्री, गावठी, ११ वर्षं, नसबंदी न झालेली, डावी बाजू, चौथा-पाचवा सड, ४.५ सेंमी. झाकणाला फिरवून फिरवून टेप. दोन पिशव्या, मधे जुना टॉवेल. सगळं कापडी पिशवीत उभं.

सकाळी ११:३५

एक कॉलेजचा पोरगा तीन महिन्यांची कुत्री घेऊन येतो, रेबीजच्या लसीसाठी. कंपाउंडर लस भरतो, पिल्लाची मान चिमटीत धरतो. झालं.

"हिला पिल्लं काढायचीत का?"

"नाही हो."

"मग पहिला माज यायच्या आधी ऑपरेशन करून घे. सहाव्या महिन्याच्या सुमारास ये."

"इतक्या लवकर?"

कंपाउंडर हनुवटीने आतल्या पोत्याकडे दाखवतो. "त्या कुत्रीचं तेव्हा झालं असतं, तर ही गाठ बहुतेक आलीच नसती."

ताई ऐकतात. काही बोलत नाहीत. पोरगा तारीख मोबाइलमध्ये टाकतो.

दुपारी १२:२०

राणी मान उचलते, पडते, पुन्हा उचलते. कंपाउंडर डब्यातली भाकरी आणि वालाचं बिरडं खातो. वाल घरचे, भात कापल्यावर त्याच शेतात पेरलेले. ताईंना अर्धी भाकरी देतो. त्या नको म्हणतात आणि खातात.

हिशेब होतो. ऑपरेशनचे सहा हजार, लॅबचे अठराशे. ताई पिशवीतून पाच हजार काढतात, भिशीचे. राहिलेले अठ्ठावीसशे टाके काढायच्या दिवशी. कंपाउंडर वहीत लिहितो. ताई त्याच्याच पेनने टपरीच्या वहीच्या शेवटच्या पानावर आपली बेरीज करतात: रक्त, फोटो, गाडी, ऑपरेशन, लॅब. अकरा हजार दोनशे. आजची इको अजून धरलेली नाही.

दुपारी १:४५

कुरिअर मिळतं, पण फॉर्मॅलिन म्हटलं की घेत नाहीत. म्हणून बरणी लोकलने जाते. डॉक्टरांनी लॅबच्या पैशांचं पाकीट दिलंय, आणि रिटर्न तिकीट नि चहाला म्हणून वर शंभराची नोट. गाडी कर्जतहूनच सुटते, खिडकी मिळते. पिशवी वर रॅकवर नाही, दोन पायांच्या मधे.

भिवपुरी. नेरळ. डावीकडे माथेरानचा डोंगर दुपारच्या उन्हात पांढुरका. शेलूला शेजारी एक गृहस्थ बसतात. मांडीवर टाटा हॉस्पिटलची फाइल, तिच्यात फोटोचं मोठं पाकीट. बदलापूरपर्यंत कुणी बोलत नाही.

"तुम्ही पण परळला?"

"हो. रिपोर्टला द्यायचंय."

"कुणाचा?"

"कुत्रीचा."

गृहस्थ पिशवीकडे बघतात. "किती दिवस लावतात?"

"आठ-दहा."

"आमचे चौदा लागले," ते म्हणतात आणि पाय जरा सरकवून पिशवीला जागा करतात.

दुपारी ३:४०

दादरला उतरून धिमी गाडी. पुढचंच स्टेशन परळ. पुलावर गर्दी. कंपाउंडर पिशवी छातीशी धरतो.

परळचा हा भाग दवाखान्यांचा. केईएम १९२६चं. टाटा मेमोरियल १९४१चं. आणि तिथून जवळच जनावरांचं हॉस्पिटल, बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचं. त्याच आवारात १८८६ साली पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झालं. ट्रामचे घोडे नि गाड्यांचे बैल इथे यायचे म्हणून जुने परळकर अजून बैलघोडा हॉस्पिटलच म्हणतात. आता दाराशी टॅक्सीतून लॅब्रॅडोर उतरतायत. फुटपाथवर टाटाच्या पेशंटचे नातेवाईक चटया टाकून बसलेत. कुणाच्या हातात केळी, कुणाच्या हातात फाइल. कंपाउंडर मधून वाट काढतो. तो या रस्त्याने पुष्कळदा आलाय. कुठल्या नळाला पाणी असतं ते त्याला माहीत आहे.

दुपारी ४:०५

लॅब एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर. काउंटरवरच्या मॅडम पिशवी सोडतात, बरणी उजेडात धरतात. पाणी लाल झालंय, पण गाठ पाण्याखाली पूर्ण बुडालेली आहे. चिरा दिलेल्या आहेत. धागे दिसतात. त्या फॉर्मवर बोट फिरवतात.

"गाठ फुटलेली होती?"

"नाही."

"छातीचा फोटो?"

"स्वच्छ. मागे लिहिलंय."

"धागा एक म्हणजे?"

"डोक्याकडे. दोन म्हणजे पाठीकडे."

मॅडम बरणीवर नंबर टाकतात, तोच फॉर्मवर, तोच पावतीवर. अठराशे मोजून घेतात. कंपाउंडर पावती शर्टाच्या आतल्या खिशात ठेवतो.

पुढचं काम आतल्या लोकांचं. मांस अजून एक दिवस फॉर्मॅलिनमध्ये मुरेल. मग गाठीतून आणि कडांवरून छोटे तुकडे. ते चढत्या ताकदीच्या अल्कोहोलमधून जातील, त्यांच्यातलं पाणी निघून जाईल, जागी मेण बसेल. मेणाच्या ठोकळ्यातून मिलिमीटरच्या दोनशेव्या भागाएवढे पातळ काप. काचेवर जांभळा नि गुलाबी रंग. मग एक माणूस सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसेल आणि पेशी किती वेड्यावाकड्या आहेत, किती वेगाने फुटतायत, कडेपर्यंत पोचल्यात का, हे मोजेल.

"कधी येऊ?"

"यायचं कशाला? डॉक्टरांना मेल जाईल. आठ दिवस धरा. मधे सुट्टी आली तर नऊ."

दुपारी ४:३०

चहा आणि एक वडापाव. कंपाउंडरला कर्जत स्टेशनचा वडा सोडून दुसरा आवडत नाही, पण भूक लागलीय. शंभरातले उरलेले सुट्टे तो वेगळ्या खिशात टाकतो. उद्या डॉक्टरांना परत.

संध्याकाळी ५:५०

दादर. कर्जत फास्ट येते तेव्हा आतली माणसं उतरायच्या आधी बाहेरची चढतात. पिशवी रिकामी आहे, फक्त टॉवेल, त्यामुळे जाताना हात मोकळे. ठाण्यापर्यंत तो एका पायावर. कल्याणला थोडी हवा. बदलापूरला निम्मा डबा उतरतो, तेव्हा बसायला मिळतं. वांगणीपर्यंत त्याचा डोळा लागलेला असतो. नेरळला आपोआप उघडतो.

रात्री ८:०५

दवाखान्यात डॉक्टर एका शेळीचं पोट वाजवून बघतायत. शेळी फुगलीय. कंपाउंडर पिशवी खुंटीला लावतो, बाह्या सारतो आणि शेळीचं तोंड धरतो. अर्ध्या तासाने शेळी ढेकर देते. तीनशे रुपये.

सकाळची हत्यारं अजून बादलीत आहेत. तो एकेक ब्रशने घासतो. आर्टरीच्या दातांत सुकलेलं रक्त राहतं, ते टाचणीने काढायचं. पोत्यावरची चादर साबणाच्या पाण्यात. राणीला चार वाजता इकोवाला घेऊन गेला, असं डॉक्टर सांगतात. आपल्या पायांनी गाडीपर्यंत गेली.

तो वहीत पावती चिकटवतो. खाली तारखा लिहितो. आठव्या दिवशी लॅबला फोन. दहाव्या दिवशी टाके. पुढच्या गुरुवारी मोतीचा चौथा डोस.

रात्री ८:५०

शटर ओढायच्या आधी फोन वाजतो. ताई.

"भाऊ, गळ्यातला तो टोप काढू का? तिला झोपता येत नाय."

"अजिबात नाही. चाटलं की टाके गेले. दहा दिवस टोप."

"खायला?"

"आज नुसतं पाणी, थोडं थोडं. उद्या सकाळी पेज. गोळी पेजेनंतर, उपाशीपोटी नाही."

"बरं." पलीकडे टपरीवरचा रेडिओ ऐकू येतो. "भाऊ, तुम्ही एवढ्या गाठी बघितल्या. तुम्हाला काय वाटतं?"

"मला काय वाटतं त्याचा उपयोग नाही, ताई. गाठ परळला पोचलीय, पावती माझ्याकडे आहे. तुम्ही उद्या सकाळी तिला लघवी झाली का तेवढं बघा. जखमेतून पाणी येतंय का बघा. आणि आठला मला फोन करा."

"आठला पाव येतात."

"मग साडेआठला."